दहा वर्षे दावा नाही, म्हणून जोखीम नाही?

प्रश्न : सहा वर्षे मी आग व यंत्रसामग्री विम्याचे अंडररायटिंग, म्हणजे जोखीम तपासून दर आणि अटी ठरवण्याचे काम, केले. चार महिन्यांपूर्वी माझी बदली व्यावसायिक दायित्व विम्याच्या, म्हणजे विमाधारकामुळे इतरांना झालेल्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या विम्याच्या, विभागात झाली. औद्योगिक व्हॉल्व्ह आणि सील बनवणाऱ्या एका कंपनीच्या पॉलिसीचे नूतनीकरण सध्या माझ्या टेबलावर आहे. दहा वर्षांत एकही दावा नाही. ब्रोकर म्हणतात की दर १५ टक्क्यांनी कमी करा, वर्डिंग (पॉलिसीतली शब्दरचना) आहे तसेच ठेवा आणि मूळ पॉलिसीच्या वरचा एक्सेस थरही नाममात्र हप्त्यात द्या. माझे वरिष्ठ एवढेच म्हणतात, "उगवत्या जोखमींचा विचार करा." सायबर, एआय, हवामान, रसायने ही यादी मी प्रत्येक परिसंवादात ऐकते, पण त्या यादीचा माझ्या समोरच्या फाईलशी संबंध काय, हे कोणी सांगत नाही. मुदत संपायला तीन आठवडे उरले आहेत. मी काय करू? – एक अंडररायटर

उत्तर : आपले पत्र आणि सोबत जोडलेला फाईलचा गोषवारा, दोन्ही नीट वाचले. आपल्याला पडलेला प्रश्न योग्य आहे आणि आपल्या वरिष्ठांचे उत्तर अपुरे आहे. उगवत्या जोखमींची यादी पाठ करून कोणतीही फाईल सुटत नाही. ती फाईलच्या कागदांतच शोधावी लागते, आणि आपल्या गोषवाऱ्यात ती निदान चार ठिकाणी दिसते.

आधी त्या दहा वर्षांविषयी. आग विम्यात दहा वर्षे दावा नसणे याला खरोखर अर्थ असतो, कारण आग लागली की त्याच दिवशी कळते आणि काही आठवड्यांत सर्व्हेअरचा अहवाल हाती येतो. दायित्व विम्यात नुकसान घडणे, ते लक्षात येणे, त्याचा दोष कोणावर तरी लावला जाणे आणि न्यायालयाने तो मान्य करणे, या प्रत्येक टप्प्यात वर्षे जातात. ऑकरन्स तत्त्वावरची पॉलिसी नुकसान ज्या वर्षी घडले त्या वर्षाला बांधलेली असते, मग दावा केव्हाही येवो. त्यामुळे आपल्या फाईलमधली अलीकडची चार-पाच वर्षे स्वच्छ आहेत असे म्हणता येणार नाही. ती अजून पिकलेली नाहीत, एवढेच. ब्रोकर दहा वर्षांचा दाखला देतात तेव्हा त्यांतली जुनी वर्षे काही तरी सांगतात, नवी जवळजवळ काहीच सांगत नाहीत. आणि या कंपनीच्या धंद्यातले सगळे बदल तर नव्या वर्षांतच झालेले आहेत.

अॅस्बेस्टॉस या उष्णतारोधक तंतुमय खनिजाचे उदाहरण या क्षेत्रात इतक्यांदा दिले जाते की ते आता कानांवरून जाते, पण आपण नव्याने आलेल्या आहात म्हणून त्यातली एकच बाजू सांगतो. १९७३ साली अमेरिकेच्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने एका इन्सुलेशन कामगाराच्या दाव्यात उत्पादकांना धोक्याची सूचना न दिल्याबद्दल जबाबदार धरले आणि त्यानंतर दाव्यांचा ओघ सुरू झाला. मेसोथेलिओमा हा कर्करोग अॅस्बेस्टॉसचे तंतू शरीरात गेल्यावर २० ते ४० वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा प्रकट होतो. त्यामुळे हे दावे तेव्हाच्या चालू पॉलिसींपुरते राहिले नाहीत, १९४० आणि १९५० च्या दशकांत किरकोळ हप्त्यात दिलेल्या पॉलिसींवर जाऊन बसले. १९८८ ते १९९२ या काळात लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराला सुमारे ८ अब्ज पौंडांचा तोटा झाला, आणि त्यात अशा जुन्या दायित्वांचा वाटा इतका मोठा होता की ती वेगळी काढून ठेवण्यासाठी १९९६ मध्ये इक्विटास ही स्वतंत्र कंपनी उभारावी लागली. त्या पॉलिसी लिहिणाऱ्या अंडररायटरांच्या समोरही स्वच्छ फाईलीच होत्या. त्यांनी अॅस्बेस्टॉसची जोखीम जाणूनबुजून घेतली नव्हती. त्यांच्या वर्डिंगने ती वगळली नव्हती, इतकेच.

म्हणून माझे सांगणे असे आहे की नवी जोखीम बहुतेक वेळा नव्या उत्पादनाच्या रूपाने आपल्यापुढे येत नाही. ती जुन्या वर्डिंगमधल्या मौनातून आत शिरते. आपल्या फाईलवर काम करताना "हा धंदा धोक्याचा आहे का?" या प्रश्नाआधी "ही पॉलिसी कशाबद्दल गप्प आहे?" हा प्रश्न विचारावा.

आता गोषवाऱ्याकडे येतो. प्रपोजल फॉर्ममध्ये "गेल्या वर्षानंतर व्यवसायात झालेले बदल" या रकान्यात "नाही" असे लिहिलेले आहे. त्याच गोषवाऱ्याच्या तिसऱ्या परिच्छेदात मात्र आपणच नोंदवले आहे की दोन वर्षांपासून कंपनी व्हॉल्व्हसोबत सेन्सर असलेला कंट्रोलर विकते आणि ग्राहक तो दुरून चालवू शकतो. हे खोटे बोलणे नव्हे. कंपनीतल्या ज्या माणसाने फॉर्म भरला त्याच्या लेखी तो व्हॉल्व्हचाच धंदा आहे. मी नवखा असताना पंप बनवणाऱ्या एका विमाधारकाच्या बाबतीत हीच चूक केली. तीन वर्षे "बदल नाही" वाचून सही करत राहिलो, आणि चौथ्या वर्षी कारखान्याला भेट दिली तेव्हा पॅकिंगच्या टेबलावर प्रत्येक खोक्यात एक पत्रक टाकले जाताना दिसले : मोबाईलवरून पंप कसा बंद करावा याचे. त्या पत्रकातले एक वाक्य माझ्या पॉलिसीतल्या सहा पानांपेक्षा जास्त सांगून गेले. आपणही या कंपनीचे उत्पादनपत्रक, विक्रीच्या अटी आणि कंट्रोलरची वापरपुस्तिका मागवून घ्यावी. वार्षिक ताळेबंदापेक्षा हे तीन कागद आपल्याला अधिक उपयोगी पडतील.

कंट्रोलर विकणारी कंपनी ही व्हॉल्व्ह विकणारी कंपनी राहिलेली नाही; ती सॉफ्टवेअरही विकते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नव्या उत्पादन दायित्व निर्देशाने सॉफ्टवेअरला, त्यात एआय प्रणालीही आल्या, स्पष्टपणे "उत्पादन" म्हटले असून सदस्य देशांना तो ९ डिसेंबर २०२६ पर्यंत आपल्या कायद्यात उतरवायचा आहे. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली अशी की विक्रीनंतर उत्पादकाच्या नियंत्रणात राहिलेल्या अद्ययावतीकरणातून किंवा ते न केल्यामुळे निर्माण झालेला दोषही उत्पादकाच्या माथी येऊ शकतो. म्हणजे वस्तू कारखान्यातून बाहेर पडली की जबाबदारीची मोजणी थांबते, हे गृहीतक आता चालणार नाही. दुसरी अशी की शारीरिक इजेची लक्षणे उशिरा प्रकट होत असतील तर दावा करण्याची कमाल मुदत १० वर्षांवरून २५ वर्षांपर्यंत वाढवली आहे. या कंपनीच्या उलाढालीचा मोठा भाग युरोपातून येतो, असे आपण लिहिले आहे. तेवढा भाग जुन्या दरात बसत नाही, हे ब्रोकरना दाखवायला एवढा आधार पुरेसा आहे.

याच कंट्रोलरमुळे सायबरचा प्रश्नही आपल्या टेबलावर येतो, आणि तो डेटाचोरीचा नाही. कोणी बाहेरून शिरकाव करून व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडला आणि एखादा कामगार भाजला, तर ती शारीरिक इजा आहे आणि दायित्व पॉलिसी मुळात शारीरिक इजेसाठीच आहे. पॉलिसीत सायबरबद्दल काहीच लिहिलेले नसेल तर त्या मौनाचा अर्थ पुढे न्यायालय लावते. जून २०१७ च्या नॉटपेट्या या सायबर हल्ल्यानंतर मर्क या औषध कंपनीने आपल्या मालमत्ता पॉलिसींखाली दावा केला. विमाकर्त्यांनी युद्धाच्या एक्स्क्लूजनचा (संरक्षणातून वगळणाऱ्या कलमाचा) आधार घेतला, पण २०२३ मध्ये न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने ते कलम अशा हल्ल्याला लागू होत नाही असे ठरवले. त्या पॉलिसी लिहिताना कोणीही सायबर विमा म्हणून एका पैशाचा हप्ता घेतला नव्हता. लॉइड्सने २०१९ मध्येच आपल्या बाजारातील विमाकर्त्यांना सांगितले होते की प्रत्येक पॉलिसीत सायबर संरक्षण आहे किंवा नाही हे स्पष्ट लिहा; हा नियम आधी मालमत्ता विम्याला आणि मग टप्प्याटप्प्याने दायित्व विम्याला लागू झाला. आपले वर्डिंग त्याआधीचे असेल तर ते "आहे तसेच" ठेवण्याचा आग्रह मान्य करू नये. माझे मत विचाराल तर शारीरिक इजा आणि प्रत्यक्ष मालमत्तेचे नुकसान हे संरक्षण स्पष्ट शब्दांत द्यावे, त्याचा हप्ता घ्यावा, आणि डेटाचे नुकसान व गोपनीयतेचे दावे स्वतंत्र सायबर पॉलिसीकडे पाठवावेत.

कंपनीच्या संकेतस्थळावर "कोणत्या द्रवासाठी कोणते सील वापरावे" याचे उत्तर देणारा स्वयंचलित संवादक (चॅटबॉट) आहे, असे आपण ओझरते लिहिले आहे. त्यावर थोडे थांबा. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील एका न्यायाधिकरणाने एअर कॅनडाला तिच्या चॅटबॉटने भाडे सवलतीबद्दल दिलेल्या चुकीच्या माहितीसाठी जबाबदार धरले. चॅटबॉट हा स्वतःच्या कृतीला स्वतः जबाबदार असलेला वेगळा घटक आहे, अशा आशयाचा कंपनीचा युक्तिवाद न्यायाधिकरणाने मानला नाही. ती रक्कम अगदी किरकोळ होती, हजार कॅनडियन डॉलरच्याही आतली. पण विमानाच्या तिकिटाऐवजी आम्लाच्या पाइपलाइनवरच्या सीलबद्दल चुकीचे उत्तर दिले गेले तर काय, हे आपणच मनाशी पाहा. शिवाय येथे कलमांचा एक पेच आहे : तो दावा उत्पादन दायित्वाचा की व्यावसायिक सल्ल्याचा? आपल्या पॉलिसीत व्यावसायिक सेवांचे एक्स्क्लूजन असेल तर विमाधारकाला वाटेल की संरक्षण आहे, आपल्याला वाटेल की नाही, आणि वाद तेथेच सुरू होईल. अमेरिकेत प्रमाण वर्डिंग तयार करणाऱ्या इन्शुरन्स सर्व्हिसेस ऑफिसने सामान्य दायित्व पॉलिसीसाठी जनरेटिव्ह एआयची ऐच्छिक एक्स्क्लूजन्स जानेवारी २०२६ पासूनच्या वापरासाठी काढली आहेत. ती डोळे मिटून चिकटवू नयेत. आधी विचारावे की संवादकाची उत्तरे कोणी तपासतो का, त्यांची नोंद ठेवली जाते का, आणि "अंतिम निवड आमच्या अभियंत्याकडून करून घ्या" असे तो सांगतो का. ही तीन उत्तरे समाधानकारक असतील तर जोखीम घेण्याजोगी आहे.

आता सील कशाचे बनतात याविषयी. गोषवाऱ्यात "फ्लुओरोपॉलिमर" हा शब्द एकदाच आणि तोही कच्च्या मालाच्या यादीत आला आहे. हा पदार्थ पीएफएएस या रसायनांच्या विस्तीर्ण कुटुंबातला आहे, ज्यांना ती निसर्गात लवकर विघटित होत नाहीत म्हणून "कायमची रसायने" म्हटले जाते. ३एम कंपनीने २०२३ मध्ये अमेरिकेतील सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थांशी किमान १०.३ अब्ज डॉलरची तडजोड जाहीर केली. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, २०२५ अखेर या रसायनांचे उत्पादन थांबवण्याची घोषणाही केली होती. साहजिकच पुनर्विमाकर्ते, म्हणजे विमा कंपन्यांचा विमा उतरवणारे, आता सरसकट पीएफएएस एक्स्क्लूजन मागतात. पण येथे अंडररायटरने विवेक दाखवायला हवा. ही रसायने तयार करून सांडपाण्यात सोडणारा कारखाना आणि तयार पॉलिमरचे पत्रे आणून त्यांतून सील कापणारा कारखाना यांची जोखीम एकसारखी नाही. "पीएफएएसशी कोणत्याही प्रकारे संबंधित" अशा शब्दांचे एक्स्क्लूजन लावले, तर सील फुटून कोणी जखमी झाला आणि त्याच्या इजेचा रसायनाशी काडीचाही संबंध नसला, तरी दावा अडकू शकतो. म्हणजे विमाधारकाच्या मुख्य उत्पादनावरचे संरक्षणच आपण काढून घेतले. प्रदूषण आणि दीर्घकालीन आरोग्यपरिणाम यांपुरते एक्स्क्लूजन आखावे, यांत्रिक बिघाडाचे संरक्षण राहू द्यावे, आणि पुनर्विमा करारात तशी मुभा आहे का हे सही करण्यापूर्वी पाहावे. करारात मुभा नसेल तर ती जोखीम पूर्णपणे आपल्या कंपनीच्या खात्यावर राहते, आणि हा निर्णय आपल्या अधिकारातला नसून वरिष्ठांचा आहे.

एक्सेस थराबद्दल मात्र मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण ब्रोकरच्या तिन्ही मागण्यांपैकी सर्वांत महाग पडणारी मागणी हीच आहे, आणि ती "नाममात्र" या शब्दाखाली झाकलेली आहे. एक हिशेब करून पाहा. मूळ पॉलिसी ५० लाखांपर्यंतची आहे आणि आपला थर त्यावर सुरू होतो. आज ज्या दाव्याची रक्कम ६० लाख होते, त्यातले १० लाख या थरावर येतात. दाव्यांची किंमत १० टक्क्यांनी वाढली की तोच दावा ६६ लाखांचा होतो. मूळ पॉलिसीचे देणे ५० लाखांवरच थांबते, एका पैशानेही वाढत नाही. थरावरचे देणे मात्र १० चे १६ लाख होते. दाव्यांची महागाई १० टक्के आणि या थराची महागाई ६० टक्के. शिवाय आज ४८ लाखांचा असलेला आणि थराला स्पर्शही न करणारा दावा ५२ लाख ८० हजारांचा होऊन पहिल्यांदाच वर येतो. म्हणून ज्या थरावर दहा वर्षांत दावा आला नाही, त्याचा दर पूर्वेतिहासावरून ठरवता येत नाही.

आणि ही महागाई वस्तूंच्या भाववाढीपुरती नसते. गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी भागधारकांना लिहिलेल्या १९७७ च्या पत्रातच विम्याच्या संदर्भात "सामाजिक महागाई" हा शब्दप्रयोग केला होता : पॉलिसीत काय अंतर्भूत आहे याची समाजाची आणि ज्यूरींची कल्पना रुंदावत जाते आणि दाव्यांचा खर्च त्यामुळे वाढतो. अमेरिकेत १ कोटी डॉलरच्या वरच्या निवाड्यांना आता "न्यूक्लिअर व्हर्डिक्ट" असे नावच पडले आहे. त्यात भर म्हणजे खटल्यात पैसा गुंतवणारे त्रयस्थ वित्तपुरवठादार. त्यांच्यामुळे वादीला लवकर तडजोड करण्याची निकड राहत नाही. उलट दिशेचे बदलही होत आहेत. फ्लोरिडाने २०२३ मध्ये कायदा बदलून निष्काळजीपणाच्या दाव्याची मुदत ४ वर्षांवरून २ वर्षांवर आणली. म्हणजे "अमेरिका" हा एकच शब्द लिहून दर ठरवणेही आळसाचे आहे. कंपनीचा माल कोणत्या राज्यांत जातो आणि तो थेट जातो की दुसऱ्या यंत्राचा सुटा भाग म्हणून जातो, हे विचारावे. सुटा भाग म्हणून जात असेल तर यंत्र उत्पादकाशी झालेल्या करारातले नुकसानभरपाईचे कलम मागवून घ्यावे. पुष्कळदा पुरवठादाराने कायद्याने येणाऱ्या जबाबदारीपेक्षा कितीतरी अधिक जबाबदारी सहीनिशी पत्करलेली असते.

हवामान बदलाविषयी आपल्या फाईलपुरते फार लिहिण्यासारखे नाही. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका इंधन कंपनीच्या प्रकरणात हरितगृह वायू हे प्रदूषणाच्या एक्स्क्लूजनखाली "प्रदूषक" ठरतात असा निर्णय दिला, तो तेल आणि वीज कंपन्यांच्या फाईली हाताळताना अवश्य वाचावा. व्हॉल्व्ह बनवणाऱ्यासाठी ही दूरची गोष्ट आहे, आणि सगळ्या उगवत्या जोखमी सगळ्या फाईलींत कोंबण्याची गरज नसते.

आपल्या विभागातले कोणी तरी आता सुचवतील की एवढी अनिश्चितता असेल तर पॉलिसी क्लेम्स-मेड तत्त्वावर आणावी. या सूचनेत तथ्य आहे, कारण मग पॉलिसीच्या मुदतीत आलेलेच दावे आपल्याकडे येतात आणि वर्षानुवर्षांनी येणाऱ्या दाव्यांची लांब शेपूट कापली जाते. पण घाई करू नये. रेट्रोअॅक्टिव्ह तारीख (जिच्या आधी घडलेले नुकसान पॉलिसीत धरले जात नाही ती) आज ठेवली, तर काल घडलेले आणि उद्या दावा होणारे नुकसान जुन्या ऑकरन्स पॉलिसीतच राहते, आणि ती पॉलिसीही आपल्याच कंपनीची आहे. म्हणजे जुने ओझे जराही हलके होत नाही, फक्त पुढचे बदलते. विमाधारकाने पुढे विमाकर्ता बदलला तर वाढीव सूचना मुदतीचा, म्हणजे पॉलिसी संपल्यावरही दावा कळवण्यासाठी मिळणाऱ्या मुदतीचा, वाद उद्भवतो, तो वेगळाच. मी आपल्या जागी असतो तर मूळ पॉलिसी ऑकरन्स तत्त्वावरच ठेवली असती आणि फक्त कंट्रोलर व सॉफ्टवेअरसाठी क्लेम्स-मेड तत्त्वावर वेगळा विभाग मागितला असता.

आणखी एक गोष्ट आपल्या टेबलापलीकडची आहे, पण विचारून ठेवा. त्या कंट्रोलरमधले सॉफ्टवेअर कंपनीने स्वतः लिहिले आहे की बाहेरून घेतले आहे? बाहेरचे असेल तर तेच सॉफ्टवेअर आपल्या कंपनीच्या इतर किती विमाधारकांच्या उत्पादनांत आहे? जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी बंद पडले, आणि त्यामागे कोणताही हल्ला नव्हता. आग विम्यात आपण एका इमारतीतल्या सर्व पॉलिसींची बेरीज करत होतात. येथे इमारतीच्या जागी पुरवठादाराचे नाव येते, आणि ती बेरीज बहुतेक कार्यालयांत अजून कोणी मांडलेली नसते.

तीन आठवड्यांचे नियोजन असे करावे. उद्याच ब्रोकरना लेखी प्रश्न पाठवा : उत्पादननिहाय आणि प्रदेशनिहाय उलाढाल, कंट्रोलरचा तपशील, संवादकाची तपासणी, फ्लुओरोपॉलिमरचा पुरवठादार, नुकसानभरपाईची कलमे आणि, सर्वांत महत्त्वाचे, दावा न झालेल्या पण नोंदवलेल्या तक्रारी व परत आलेला माल. दाव्यांची पाटी कोरी असली तरी तक्रारींची वही सहसा कोरी नसते. उत्तरासाठी एक आठवडा द्या. दुसऱ्या आठवड्यात प्रस्ताव पाठवा : व्हॉल्व्ह आणि सील यांच्या मूळ दरात, पूर्वेतिहासाचा मान म्हणून, हवी तर ५ टक्क्यांपर्यंत सवलत, कंट्रोलरसाठी वेगळा हप्ता, आणि एक्सेस थर स्वतंत्र दराने, नाही तर मुळीच नाही. उत्तरे वेळेत आली नाहीत तर ३० दिवसांची मुदतवाढ प्रमाणशीर हप्त्यावर देता येईल, पण एकूण मर्यादा त्या ३० दिवसांसाठी नव्याने सुरू होत नाही हे एन्डॉर्समेंटमध्ये (पॉलिसीला जोडलेल्या पुरवणीत) स्पष्ट लिहावे.

ब्रोकर बहुधा म्हणतील की दुसरा विमाकर्ता याच अटींवर १५ टक्के कमी दराने पॉलिसी द्यायला तयार आहे. ते खरेही असेल. अशा वेळी फाईल जाऊ द्यावी लागली तर जाऊ द्या, मात्र वर मागितलेली माहिती, मिळालेली उत्तरे आणि न मिळालेली उत्तरे तारखेसह नोंदवून ठेवा. मागच्या दहा वर्षांच्या ऑकरन्स पॉलिसी तरीही आपल्याच कंपनीकडे राहणार आहेत, आणि त्यांवरचा पहिला दावा येईल तेव्हा दावे विभाग हीच फाईल मागणार आहे.